टपालाने आलेली ठेव

वाङ्मयाचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा छापखान्यातून बाहेर पडलेले, प्रकाशकाचे नाव मिरवणारे ग्रंथच येतात. परंतु गेल्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषेकरून अमेरिकेत, असे एक लेखन बहराला आले की, ज्याला प्रकाशक नव्हता, संपादक नव्हता आणि ज्यातून चार पैसे सुटावेत अशी अपेक्षाही फारशी कोणी धरली नव्हती. लिहिणाऱ्याने आपला मजकूर हाताने लिहावा वा टंकलिखित करावा, कात्री व डिंक घेऊन पाने जुळवावीत, झेरॉक्स प्रती काढून मधोमध दुमडाव्यात, स्टेपलरच्या दोन पिना माराव्यात आणि थोडक्या अनोळखी माणसांना टपालाने धाडाव्यात, असा हा उद्योग. ह्या पुस्तिकांना 'झीन' म्हणतात. त्यांतील ज्या लेखकाच्या स्वतःच्या जीवनाविषयीच बोलतात, त्या 'वैयक्तिक झीन'. त्यांत आजारपण असते, मोडलेला संसार असतो, आईबापांचा मृत्यू असतो, क्वचित सोसलेला अत्याचारही असतो. घरातील सर्वांनी वाचावयाच्या ह्या त्रैमासिकात असल्या लेखनाचा परामर्श घ्यावा की नाही, याविषयी आम्ही थोडे घुटमळलो. माणूस आपले अंतरंग कोणापुढे आणि किती उघडे करतो, आणि ते ऐकणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हा प्रश्न कोणत्याही कुटुंबाला परका नाही. म्हणून हा लेख.

झीनचा इतिहास तसा जुना आहे. शिकागो येथील विज्ञानकथाप्रेमी मंडळींनी १९३० साली 'द कॉमेट' नावाचे एक हौशी पत्र काढले. ते या जातीचे पहिले मानले जाते. 'फॅन्झीन' हा शब्द १९४० साली रस शोव्हने या विज्ञानकथाप्रेमीने योजिला आणि पुढे त्याचेच 'झीन' असे संक्षिप्त रूप रूढ झाले. आवडत्या कथांची चर्चा करता करता ही मंडळी एकमेकांस आपली नोकरी, आपले घर, आपली दुखणीही कळवू लागली. १९५९ साली झेरॉक्स कंपनीचे '९१४' हे यंत्र बाजारात आले आणि कालांतराने कोपऱ्यावरच्या दुकानात कोणालाही थोड्या पैशांत प्रती काढता येऊ लागल्या. १९८२ साली माइक गुंडरलॉय यांनी 'फॅक्टशीट फाइव्ह' सुरू केले. त्यात इतरांच्या झीनांची परीक्षणे, किमती आणि पत्ते छापले जात. पत्ता मिळाला की वाचकाने पाकिटात नाणी वा टपालतिकिटे घालून, नाहीतर स्वतःचीच झीन बदली म्हणून पाठवून अंक मागवावा. मागणारा आणि देणारा यांच्यामध्ये तिसरा कोणी नाही, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

येथे आमचा वाचक साहजिकच विचारील की, मन मोकळे करण्यास अनोळखी माणूसच का हवा? आपल्यापाशी पापनिवेदनाची परंपरा आहे. तेथे बोललेले तेथेच राहते. वाङ्मयातही संत ऑगस्टीन यांनी इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस 'कन्फेशन्स' लिहिले, तेव्हा ते परमेश्वराला उद्देशून बोलत होते. माणसांनी ते बाजूला उभे राहून ऐकावे, एवढेच. झीनकाराची मागणी निराळी आहे. तो क्षमा मागत नाही, कारण पुष्कळदा त्याने सांगितलेली गोष्ट अपराधाची नसून दुखापतीची असते. त्याला सोबत हवी असते. घरच्यांना सांगावे तर ते हादरतील, शेजाऱ्यांना सांगावे तर बोभाटा होईल. अशा वेळी दूरच्या गावचा, चेहरा न पाहिलेला, परंतु पत्र पाठवून आवर्जून मागणारा वाचक त्याला जवळचा वाटतो. ह्या मागणीचे साहित्यात रूपांतर कसे होते, हे पाहण्यासाठी आम्ही दोन झीनकारांचे लेखन घेतो.

पहिला जॉन पोर्सेलिनो. त्याने १९८९ साली 'किंग-कॅट' ही चित्रमय झीन सुरू केली आणि तीन दशकांहून अधिक काळ ती चालविली. त्याची रेषा शाळकरी मुलाने काढावी इतकी साधी आहे. पोटासाठी त्याने डासनिर्मूलनाचे काम केले. त्या नोकरीतील रात्री, औषध फवारताना वाटणारी अस्वस्थता, हे सारे २००५ साली पुस्तकरूपाने संकलित झाले. 'द हॉस्पिटल स्वीट' ह्या २०१४ सालच्या पुस्तकात त्याने १९९७ मधील आपल्या गंभीर दुखण्याची व नंतरच्या मानसिक व्याधीची कहाणी सांगितली आहे. आजारात पत्नी त्याची शुश्रूषा करते; पुढे तो विवाह टिकत नाही. एखादा लेखक येथे अश्रूंचा पाट वाहवील, नाहीतर दोष कोणाचा याची झडती घेईल. पोर्सेलिनो दोन्ही करीत नाही. तो चौकटीत एक खोली काढतो, एक माणूस काढतो, उरलेली जागा कोरी सोडतो. त्याच्या झीनमध्ये आवडत्या चाळीस गोष्टींची यादीही असते. मोठ्या दुःखाशेजारी अशी क्षुल्लक वाटणारी यादी पाहून प्रथम आम्हांस ती पोरकट वाटली. पुन्हा वाचताना उमगले की, दुखण्याने खचलेला माणूस जगण्यासारखे काय उरले आहे, याचा हिशेब मांडतो आहे. ह्या लेखनाचे बळ उघड करण्यात नाही, राखून ठेवण्यात आहे.

दुसरी लेखिका सिंडी क्रॅब. तिची 'डोरिस' ही झीन १९९० च्या दशकात अमेरिकेतील तरुण मुलींमध्ये फार वाचली गेली. टंकलिखित मजकूर, त्याच्या कडेने काढलेली छोटी चित्रे, खाडाखोड तशीच ठेवलेली. विषय मात्र कठीण: लैंगिक अत्याचार आणि त्याची मनात राहिलेली सावली, आईचे मरण, एकटेपण. आमच्या अनेक वाचकांना तिची सर्व मते पटणार नाहीत. आम्हांसही ती सर्व पटत नाहीत. पण साहित्याची पारख मतांवरून करू नये. तिचे श्रेय वेगळ्या ठिकाणी आहे. स्वतःची जखम दाखवून ती थांबली नाही. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीच्या आप्तेष्टांनी कसे वागावे, काय विचारावे, केव्हा गप्प बसावे, यासंबंधी अनेकांचे लेखन एकत्र करून तिने 'सपोर्ट' नावाची स्वतंत्र पुस्तिका सिद्ध केली. 'मला असे झाले' येथून निघालेले लेखन 'तुझ्या शेजारी कोणाला असे झाले असेल तर' येथवर पोहोचते, तेव्हा त्याची योग्यता वाढते असे आमचे मत आहे.

ह्या दोघांवरून सर्वच झीनांचा मोठेपणा सिद्ध होत नाही. दुःख खरे आहे एवढ्यावरच लेखन चांगले ठरते, ही या क्षेत्रातील एक मोठी भ्रांती होय. कित्येक झीनांत रागाची रोजनिशी असते; वाचून झाल्यावर लिहिणाऱ्याचा त्रास कळतो, माणूस कळत नाही. त्याहून गंभीर दोष दुसऱ्यांच्या गुपितांचा. झीनकार स्वतःची गोष्ट सांगण्यास मुखत्यार आहे. परंतु तिच्यात आई येते, बहीण येते, सोडून गेलेला मित्र येतो, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. येथे आम्हांस लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची आठवण होते. लक्ष्मीबाईंनी टिळकांचा लहरीपणा, घरातील भांडणे, ताटातूट, काहीच लपविले नाही; तरीही पुस्तक मिटताना टिळक आपल्या मनात लहान झालेले नसतात. अंतरंग सांगणाऱ्या कोणत्याही लेखनाला आम्ही हीच कसोटी लावू: ज्यांना उत्तर देण्याची संधी नाही, त्यांची प्रतिष्ठा त्यात सांभाळली गेली आहे काय?

आता वाचकाच्या जबाबदारीकडे वळू. पीट जॉर्डन नावाच्या गृहस्थाने अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत उपाहारगृहांतील भांडी घासण्याचा संकल्प केला आणि 'डिशवॉशर' ह्या झीनमधून त्या भटकंतीची हकीकत सांगितली. तिचा बोलबाला होताच डेव्हिड लेटरमन यांच्या लोकप्रिय दूरदर्शन कार्यक्रमाचे त्याला निमंत्रण आले. त्याने स्वतः न जाता आपल्या मित्राला आपल्या नावाने पाठवून दिले आणि प्रेक्षकांनी त्यालाच पीट समजून पाहिले! हा केवळ खोडसाळपणा नव्हता, असे आम्हांस वाटते. पुढे २००७ साली त्याने स्वतःच ती सारी हकीकत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तेव्हा त्याचे वावडे प्रसिद्धीशी नसावे; आपली गोष्ट कोठे, केव्हा आणि कोणापुढे सांगावयाची, हे दुसऱ्याने ठरवू नये, एवढाच त्याचा आग्रह दिसतो.

हाच आग्रह आज कसोटीला लागला आहे. झीनांचे महत्त्व ओळखून ग्रंथालये त्या जपू लागली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. न्यूयॉर्कमधील बार्नार्ड कॉलेजात जेना फ्रीडमन यांच्या पुढाकाराने २००३ साली झीनांचा संग्रह सुरू झाला; तेथे शक्यतो एक प्रत जतनासाठी आणि दुसरी वाचकांना देण्यासाठी ठेवतात. परंतु संगणकामुळे एक प्रत क्षणात साऱ्या जगापुढे मांडता येते. सतरा वर्षांच्या मुलीने शंभर जणींसाठी लिहिलेले पान ती दोन मुलांची आई झाल्यावर तिच्या वरिष्ठांना, सासरच्यांना, स्वतःच्या मुलांना एका बटणासरशी वाचता यावे काय? २०१५ साली झीन सांभाळणाऱ्या ग्रंथपालांनी आपल्यासाठी एक आचारसंहिता तयार केली. झीनकाराचा शब्द मानावा, त्याचे लेखन संगणकावर चढविण्यापूर्वी त्याची अनुमती घ्यावी, त्याने नकार दिल्यास तो स्वीकारावा, असा तिचा आशय आहे. संशोधकांची यात गैरसोय होते, काही चांगले लेखन अंधारात राहते. तरीही आम्ही ग्रंथपालांच्या बाजूने उभे आहोत. शंभर प्रती काढणे हीदेखील लेखकाची एक निवड होती, आणि ती त्याच्या शब्दांइतकीच त्याची आहे.

आपल्या घरांतही अशा ठेवी असतात. वडीलधाऱ्यांच्या मागे ट्रंकेत पत्रांचा एखादा गठ्ठा सापडतो, आत्याची एखादी वही निघते. पहिले पान उघडताच कळते की, हे आपल्यासाठी लिहिलेले नाही. अशा वेळी सगळे जाळून टाकणे जसे बरे नव्हे, तसे जेवणाच्या टेबलावर सर्वांना वाचून दाखविणेही बरे नव्हे. लिहिणारी व्यक्ती हयात असेल तर तिला विचारावे. नसेल तर तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. आणि कोणी आपण होऊन अशी वही आपल्या हाती दिली, तर ती शेवटपर्यंत वाचावी, जपून ठेवावी, आणि जमल्यास दोन ओळींचे उत्तर लिहावे. झीन काढणारे बहुतेक जण टपालपेटीकडे डोळे लावून बसत, ते ह्या दोन ओळींसाठीच.