वीज इथली, धागा इथला. छपाई शिकायची कुठे?

१९१५ साली खोपोलीच्या टाटा वीजगृहातली वीज मुंबईच्या कापडगिरण्यांत पोचली. खोपोलीच्याच खालापूर तालुक्यात, रसायनीला, १९६०मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीने कृत्रिम रंगांना लागणारं ॲनिलीन बनवलं. १९८२मध्ये पाताळगंगेच्या कारखान्यातून रिलायन्सचा पॉलिएस्टर धागा निघाला. कापडधंद्याला कर्जत-खालापूरच्या या पट्ट्याने एवढं पुरवलं. कापडावर नक्षी उमटवण्याचं पदवीचं शिक्षण घ्यायला मात्र इथल्या मुलामुलींना बहुधा खारघरची निफ्ट ही फॅशन-संस्था किंवा मुंबई गाठावी लागते.

मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्यांना एके काळी गिरण्यांच्या डिझाइन विभागांत काम मिळे. खरं शिक्षण तिथे पुरं होई. नक्षीचा रिपीट, म्हणजे सलग जुळत जाणारा तुकडा, बसवायचा, रंग सुटे करायचे, दर रंगाला वेगळी स्क्रीन करायची आणि टेबलावर ताणलेल्या कापडावर सांधा दिसतो का ते पाहायचं. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि ही शाळाही गेली. आज संगणकावर रिपीट क्षणात बसतो; पण रंगाची पेस्ट पातळ झाली की रेघ का पसरते, हे हात रंगात गेल्याशिवाय उमगत नाही.

हात रंगात घालायला लागणारा माल तर जवळच आहे. हिरड्याचंच पाहा. कर्जत तालुक्यातल्या खांडसहून वर चढत गेलं की भीमाशंकरचं रान लागतं, आणि हिरडा हे तिथलं ओळखीचं झाड. कच्छच्या अजरख ठसेछपाईत धुतलेलं कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. मग लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून केलेलं पाणी लाकडी ठशाने उमटवलं की काळी रेघ उठते. दुसऱ्या ठशाने तुरटी लावायची. ते कापड मंजिष्ठेच्या रंगात उकळलं की तुरटीची जागा लाल होते, काळी रेघ काळीच राहते. एकाच कढईत रसायनशास्त्राचा अख्खा धडा! यातला एक कच्चा माल कर्जतच्या डोंगरात उगवतो, पण हा धडा शिकवणाऱ्या टेबलाची तालुक्यात वानवा आहे.

सोपा रस्ता दुसरीकडे जातो. पॉलिएस्टरवर कागदावरची नक्षी गरम दाबयंत्राने काही सेकंदांत उतरते; सुती कापडावर ती धड टिकत नाही. उशांच्या अभ्र्यांवर तयार वारली आकृत्या छापून ‘आदिवासी कला’ म्हणून विकणं त्याहून सोपं. पण वारली चित्रं डहाणू-पालघरकडची. कर्जतच्या ठाकर-कातकऱ्यांच्या घरांत, टोपल्यांत, शेतीच्या अवजारांत काय आकार आहेत, हे रेखाटायला कुणीतरी विद्यार्थ्यांना बसवलं पाहिजे.

असा वर्ग इथे निघाला, तर त्यात धुलाईच्या पाण्याचा विषय पहिल्याच सत्रात हवा. छपाईनंतर कापडावरचा सुटा रंग, डिंक आणि क्षार पाण्यात जातात. कर्जतवरून वाहणारी उल्हास नदी पुढे बदलापूरला पोचते, आणि तिथे तिचं पाणी लोक पितात.