कारल्याचा वेल आणि झाकलेला डबा

मंडळी, हस्त नक्षत्राचा गडगडाटी पाऊस काही आपल्यामागे परदेशात आला नाही. तरी दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात आपण हॉल घेतो, मधोमध हत्तीचं चित्र मांडतो आणि भोंडल्याचा फेर धरतो. या गाण्यांकडे कविता म्हणून मात्र कोणी फारसं बघत नाही. 'पोरीबाळींची गाणी' एकदाची उरकायची आणि खिरापतीकडे वळायचं! माझं म्हणणं असं, की इथे गाणं आणि खाणं वेगळं काढताच येत नाही.

वेड्याचं गाणं घ्या. बायकोने केलेल्या करंज्या तो होड्या समजून पाण्यात सोडतो, लाडू चेंडू म्हणून फेकतो, शेवयांच्या त्याला अळ्या वाटतात. उपमा-रूपकाचा पहिला धडा आपल्याला या वेड्यानेच दिला की! काही घरांतल्या पाठात तो शेवटी झोपलेली बायको मेली समजून तिला जाळून टाकतो. इतक्या खेळकर गाण्याच्या पोटात हा काळोख ज्या कोणी ठेवला, तिला माझा नमस्कार.

पण खरी थोर कविता कारल्याच्या वेलाची. सून माहेरी जायला परवानगी मागते. सासू म्हणते, आधी वेल लाव. मग कोंब येऊ दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर, खा. बी पेरल्यापासून कारलं हाती यायला दीड-दोन महिने लागतात, हे गाणारीला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे सासू 'नाही' म्हणतच नाही, नुसता काळ लांबवते. आणि फळ कुठलं निवडलंय पाहा, कडू! चालही मोजक्या सुरांची. मागणी आणि नकार एकाच सुरात, पुन्हा पुन्हा. आमच्या संगणकाच्या धंद्यात याला लूप म्हणतात. फरक एवढाच, की इथे प्रत्येक फेरीला एक माणूस थोडं थोडं थकत जातं.

म्हणूनच 'वेळ नाही' म्हणून तीन कडव्यांवर गाणं तोडणं मला पटत नाही. ड्रम मशीनच्या ठेक्यावरची रेकॉर्ड लावणं तर त्याहून वाईट, तो ठेका सुनेला थांबूच देत नाही. मुलं कंटाळतात, ही तक्रार खरी आहे. पण कंटाळा हाच त्या गाण्याचा विषय आहे! 'मुलींना सासुरवास कशाला शिकवायचा?' असंही काही आया विचारतात. मला तर या गाण्यात सासुरवासाची शिकवण नाही, साक्ष ऐकू येते.

खिरापतीचंही तसंच. हदग्याला पहिल्या दिवशी एक गाणं, एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत सोळापर्यंत जाण्याची रीत होती. डबा हलवून वाजवायचा. गोड की तिखट, तळलेलं की भाजलेलं, असं विचारत ओळखायचं. आपण मात्र कोण काय आणणार याची यादी आठवडाभर आधी सगळ्यांना ई-मेलने पाठवतो. यंदा निदान एक डबा यादीत न घालता आणावा. त्यात नुसतं खोबरं-साखर असली तरी चालेल.