कालयंत्राविना काळाच्या तावडीत

एच. जी. वेल्सच्या 'द टाइम मशीन'चा नायक १८९५ साली आपल्या यंत्रावर बसला, तरफ ओढली आणि स्वतःच्या इच्छेने दुसऱ्या युगात निघून गेला. पुढच्या बहुतेक कालप्रवासकथांनी ही मोकळीक गृहीतच धरली. ऑक्टेविया बटलर या माझ्या सर्वांत आवडत्या लेखिकेने १९७९च्या 'किंड्रेड'मध्ये यंत्र काढून टाकलं आणि त्याबरोबर प्रवाशाची मर्जीही काढून घेतली. तिची नायिका भूतकाळात जात नाही, ओढली जाते. गुलामगिरीवरच्या कादंबरीला याहून नेमकी रचना मला सुचत नाही. ज्यांचं शरीरही त्यांच्या मालकीचं नव्हतं अशा माणसांची ही गोष्ट, आणि तिच्यातला प्रवाससुद्धा शरीरावरचा ताबा सुटण्यापासूनच सुरू होतो.

९ जून १९७६. डेनाचा सव्विसावा वाढदिवस. ती आणि तिचा नवरा केविन कॅलिफोर्नियात अल्टाडेनाच्या नव्या घरी सामान लावताहेत. दोघंही लेखक, ती काळी, तो गोरा. पुस्तकं रचता रचता तिला भोवळ येते, घर विरून जातं आणि समोर नदी दिसते. एक लहान गोरा पोरगा बुडतोय. ती त्याला बाहेर काढते, तोंडाने श्वास देऊन जगवते, आणि मान वळवते तो पोराच्या बापाची बंदूक तिच्यावर रोखलेली. पुढच्या क्षणी ती चिखलाने माखलेली, आपल्या घरात. केविनच्या लेखी काही सेकंदच गेलेत. दुसऱ्या खेपेला तिला उलगडा होतो. पोराचं नाव रूफस वेलिन, मुलूख मेरीलँडचा पूर्व किनारा, साल १८१५. मळेवाल्याचा हा मुलगा डेनाचा पूर्वज आहे. तिच्या घराण्याच्या जुन्या बायबलात हेगर या पूर्वज बाईची नोंद आहे : जन्म १८३१, बाप रूफस, आई अ‍ॅलिस. अ‍ॅलिस म्हणजे रूफसच्या शेजारात वाढणारी, जन्माने स्वतंत्र असलेली काळी मुलगी.

इथून बटलरने जे रचलंय त्यासाठी मी ही कादंबरी पुन्हा पुन्हा उघडते. पूर्वजाला मारलं तर आपला जन्म होईल का, हे कालप्रवासकथेतलं जुनं कोडं. इतर लेखक त्याच्याशी बुद्धीने खेळतात. बटलर त्याला नैतिक पेच करते. रूफसचा जीव धोक्यात आला की डेना त्याच्याकडे खेचली जाते, आणि हेगर जन्मेपर्यंत त्याला जगवणं तिला भाग आहे. रूफस मोठा होतो, बापासारखा मालक होतो. अ‍ॅलिस आपल्या नवऱ्याला, आयझॅकला, पळून जायला साथ देते, पकडली जाते आणि त्यापायी स्वतःचं स्वातंत्र्य गमावते. रूफस तिला विकत घेतो. मग तो डेनाला सांगतो, तिला माझ्याकडे यायला राजी कर, नाही तर मारझोड करून आणेन. डेना निरोप घेऊन अ‍ॅलिसकडे जाते. या प्रसंगात वाचकाला अंग चोरायला जागाच उरत नाही. डेनाचं अस्तित्वच दुसऱ्या एका बाईवरच्या बलात्कारातून आलेलं आहे, आणि आता तो घडवण्यात तिचाही हात आहे. बटलर तिला दोषी ठरवत नाही की निर्दोषही सोडत नाही.

जाण्याचा नियम असा. परतण्याचा नियम त्याहून सखोल. डेनाला स्वतः मरणार असं खरोखर वाटलं, तरच ती १९७६मध्ये परतते. तिसऱ्या फेरीत नायजेल या गुलाम मुलाला वाचायला शिकवताना रूफसचा बाप टॉम वेलिन तिला पकडतो आणि आसूड ओढतो. ती जिवाच्या भीतीने घरी पोचते. त्या फेरीत तिला बिलगून आलेला केविन मात्र मागेच राहतो. पुढच्या फेरीत ती मळ्यावरून पळते, सापडते आणि पुन्हा आसूड खाते. आता मात्र ती परतत नाही. हा मला मारून टाकणार, असं ती स्वतःला बजावते, ओरडून सांगते. तरी शरीराला पटत नाही. ही फक्त शिक्षा आहे, यातून माणूस वाचतो, हे त्याला आता ठाऊक झालंय. मला हा प्रसंग कादंबरीचा गाभा वाटतो. गुलामगिरी माणसात कशी मुरते यावर बटलर एक वाक्यही भाष्य करत नाही. परतीचा दरवाजा उघडत नाही, एवढंच दाखवते. डेना किती सरावली आहे, याचं माप कालप्रवासाच्या नियमातूनच मिळतं. पाचव्या फेरीत घरी परतण्यासाठी ती स्वतःच्या मनगटाच्या शिरा कापते.

पात्रांमध्येही हीच शिस्त आहे. रूफस राक्षस असता तर वाचकाचं काम सोपं झालं असतं. पण डेनाने त्याला पाण्यातून, आगीतून काढलंय, पाय मोडल्यावर उशाशी बसून पुस्तकं वाचून दाखवली आहेत. तो लळा लावतो, आणि त्याचं प्रेम हवं ते हिसकावून घेण्यापलीकडे जात नाही. टॉम वेलिन क्रूर आहे, पण मुलाने डेनाला दिलेला शब्द पाळायचा म्हणून मागे राहिलेल्या केविनला पत्र तोच लिहितो. रूफसने डेनाची पत्रं पाठवलेलीच नसतात. स्वयंपाकघरातल्या सेराची तीन मुलं विकली गेली. मुकी कॅरी तेवढी तिच्यापाशी उरली. मालकिणीने त्या पैशांतून घरात नवं सामान आणलं. सेरा बंड करत नाही. पुढची पिढी तिला लाचार म्हणेल, हे डेनाला कळतं, आणि त्याच वेळी सेरा काय सांभाळते आहे हेही दिसतं.

केविन भला माणूस आहे आणि डेनावर त्याचं मनापासून प्रेम आहे. तरीही त्याच मळ्यावर तो पाहुणा म्हणून राहू शकतो आणि ती दासी म्हणून, यात दोघांच्या अनुभवाची दरी उघडी पडते. लग्नाआधी त्याने आपली हस्तलिखितं टंकित करून द्यायला सांगितल्यावर ती बिथरली होती. पुढे रूफस तिच्याकडून आपला पत्रव्यवहार लिहवून घेतो. बटलर दोन्ही प्रसंग दूर दूर ठेवते आणि जोडून दाखवत नाही. जोड वाचकाने लावायची. डेनाच्या काही दिवसांत केविनची भूतकाळात पाच वर्षं जातात. परत आल्यावर स्वतःच्या घरातली उपकरणंही त्याला परकी वाटतात.

या कादंबरीमागे बटलरचं आयुष्य आहे. तिचा जन्म १९४७चा, पासाडेनाचा. वडील बूटपॉलिश करायचे, ते लवकर गेले. आई लोकांच्या घरी कामाला जायची. मागच्या दाराने आत जाणारी, अपमान गिळणारी आई तिने लहानपणी पाहिली. पुढे कॉलेजात एक सहाध्यायी आपल्या वाडवडिलांच्या लाचारीवर संतापून बोलला. ते गप्प का बसले याचं उत्तर त्याला कळत नव्हतं, बटलरला घरातूनच कळलं होतं. ते आजच्या माणसाला अंगावर कसं समजावं, या विचारातून 'किंड्रेड' झाली. त्यासाठी ती मेरीलँडला गेली, गुलामांची आत्मकथनं वाचली. गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस आणि हॅरिएट टबमन याच पूर्व किनाऱ्यावर जन्मले. आत्मकथनांतली हिंसा जशीच्या तशी घेतली तर कोणी वाचणार नाही, म्हणून आपण ती सौम्य केली, असं तिने पुढे सांगितलं. तिची भाषा कोरडी, बिनविशेषणांची आहे, आणि म्हणून प्रत्येक वाक्यावर विश्वास बसतो. मराठी वाचकाला हा विषय परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना.

शेवटची फेरी येते ती ४ जुलै १९७६ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या दिवशी. मुलांना विकल्याचं रूफसने खोटंच सांगितल्यामुळे अ‍ॅलिसने गळफास घेतलेला असतो. आता रूफस डेनावर हात टाकतो. ती त्याला भोसकते, आणि तो मरताना तिचा दंड घट्ट धरून ठेवतो. ती घरी येते तेव्हा त्याच्या बोटांनी पकडलेल्या जागेपासून तिचा डावा हात भिंतीत रुतलेला असतो. तो परत मिळत नाही. हे कादंबरीच्या पहिल्याच पानावर सांगितलेलं आहे, तरी शेवटी ते नव्याने हादरवतं. तिला तिथून अखंड परत येऊ देणं आपल्याला शक्य नव्हतं, असं बटलर म्हणायची. त्यानंतर डेना आणि केविन मेरीलँडला जाऊन कागदपत्रं धुंडाळतात. वेलिनचं घर जळाल्याची बातमी आणि विक्रीला काढलेल्या गुलामांची यादी एवढंच हाती लागतं. ज्या माणसांसोबत आपण तीनशे पानं राहिलो, त्यांची इतिहासात एवढीच नोंद उरते.

बटलर या कादंबरीला विज्ञानकथा म्हणत नसे, कारण तिच्यात विज्ञान नाही. १९९५मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळवणारी ती पहिली विज्ञानकथालेखिका ठरली आणि २००६मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी गेली. तिची बाकीची पुस्तकंही मला प्रिय आहेत, पण कालप्रवासाच्या कल्पनेतून माणसाबद्दल इतकं खरं सांगणारी दुसरी कादंबरी मी वाचलेली नाही. आपल्या पणज्यांनी अन्याय सहन का केला, असा प्रश्न ज्यांना कधी पडला असेल, त्यांनी ही कादंबरी आवर्जून वाचावी.