दूरचित्रवाणीवरील बोली : काही मालिका व प्रहसने पाहून

गेल्या सुट्टीत प्रस्तुत लेखकाने काही मराठी मालिका व विनोदी कार्यक्रम सलगपणे पाहिले. त्यांपैकी काही जुने झालेले आहेत. परंतु भ्रमणध्वनीवर ते आज सहज पाहता येतात. मनोरंजन हा हेतू होताच. तथापि भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाचा कान स्वस्थ बसत नाही. आणि नंदुरबार जिल्ह्यात, जेथे एकाच वर्गात अहिराणी, भिली, मावची, पावरी व गुजरी बोलणारी मुले शेजारी बसतात, तेथे तर तो मुळीच बसत नाही. पुढील मते केवळ वैयक्तिक आहेत, हे आरंभीच सांगितलेले बरे.

बोलीचा उपयोग केवळ हशा पिकविण्यासाठी होतो, ही तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. झी मराठीवर २०१६ साली सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका पाहावी. तीतील भयप्रसंगांची पुनरुक्ती कंटाळवाणी आहे, आणि रहस्य लांबविण्याच्या युक्त्या लवकरच ओळखीच्या होतात. परंतु नाईकांच्या वाड्यात मालवणी ही घराची भाषा आहे. माई मालवणीत रडते, दत्ता मालवणीत रागावतो. प्रमाण मराठी बोलणारी नीलिमाच तेथे वेगळी उठून दिसते. यामुळे पांडू या गड्याचा विनोद बोलीवर विसंबून राहू शकत नाही. आपण हसतो ते त्याच्या विसराळूपणाला. ही भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेच्या लेखकांपैकी एक होते, ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही. २०१९ च्या दुसऱ्या भागात अण्णा नाईकांचा लोभ व क्रौर्य याच बोलीतून प्रकट होतात, आणि तेव्हा कोणाला हसू येत नाही.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६ ते २०२१) या मालिकेविषयी माझे मत इतके अनुकूल नाही. साडेचार वर्षे पुरेल एवढे द्रव्य त्या कथेत नव्हतेच. असे असूनही नागपूरकडून मुंबईत आलेली राधिका वऱ्हाडी वळणाचे बोलते, आणि नवऱ्याला तिच्या गावंढळपणाची जी लाज वाटते तीत या बोलण्याचाही वाटा आहे. म्हणजे बोली येथे वरून चढविलेला साज नसून संघर्षाचे एक कारण आहे. राधिका मसाल्यांचा व्यवसाय उभा करते. त्यासाठी तिला आधी पुणेरी बोलणे शिकावे लागत नाही. ही भूमिका करणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या. ‘त्या त्या भागातील नट मिळत नाहीत’ ही सबब पुढे करणाऱ्यांनी या उदाहरणाचा अवश्य विचार करावा. ‘चला हवा येऊ द्या’मधील भारत गणेशपुरे यांचे वऱ्हाडीही मला आवडते, तेथे शब्द हास्यास्पद नसतात, बोलणाऱ्याचा त्रागा हास्यास्पद असतो.

आता खानदेशाकडे वळतो. एका विनोदी कार्यक्रमात ‘खानदेशी गडी’ म्हणून एक पात्र आले. त्याच्या भाषेची कृती सोपी होती : प्रमाण मराठीचे वाक्य घ्यावे, शेवटच्या ‘आहे’च्या जागी ‘शे’ ठेवावे, आणि ‘ळ’चा ‘य’ करावा. ‘माझ्या घराचं काम चालू शे’ असे अहिराणी बोलणारा म्हणणार नाही; तो ‘मन्हा घरनं काम चालू शे’ म्हणेल. षष्ठीचा ‘ना-नी-नं’ हा प्रत्यय या बोलीच्या मुळाशी आहे, आणि तोच तिचे गुजरातीशी असलेले नाते सांगतो. ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता, १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली भाषांच्या शेजारी बसविले. हे वर्गीकरण आपण मान्य करू वा न करू, पण निदान त्यांनी प्रत्यय ऐकले होते. पुढे त्याच पात्राच्या तोंडी ‘काय करून राहिला’ आले. हे वऱ्हाडी झाले. अहिराणीत ‘काय करी राहिना’ होते. ‘डोळा’ मात्र दोन्हीकडे ‘डोया’च, त्यामुळे मुंबईच्या कानाला दोन्ही बोली एकच वाटत असाव्यात. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही आपली भाषा सांगणारे अठरा लाखांहून अधिक लोक होते. त्यांच्यापैकी एकाला विचारले असते तरी काम भागले असते.

प्रत्यय चुकला म्हणून विनोद चुकतो असे नव्हे, असे एका सहकाऱ्याने मला सुनावले. आक्षेप रास्त होता. तो तपासावा म्हणून त्या प्रहसनाचा थोडा भाग वर्गात दाखविला. मालक ‘कुठे होतास?’ असे प्रमाण भाषेत विचारतो, गडी ‘तठेच व्हतू’ म्हणतो, आणि एवढ्यावरच प्रेक्षक हसतात. वर्गही हसला. सर्वांत मोठ्याने हसलेला विद्यार्थी शहाद्याकडचा, घरी अहिराणी बोलणारा. व्हरांड्यात आईचा दूरध्वनी आला की तो आवाज खाली नेतो, हे मी पूर्वी पाहिलेले होते. तो उतारा मालकाच्या संवादांसह संपूर्ण अहिराणीत करून आणण्याचे काम मी त्यालाच दिले. दुसऱ्या दिवशी त्याने तो वाचला तेव्हा ‘तठेच व्हतू’ला कोणीही हसले नाही. एका प्रश्नाचे ते एक साधे उत्तर उरले होते. हे त्याच्याही ध्यानात आले असावे. कारण तेथे त्याने गड्याच्या तोंडी एक नवे उत्तर घातले होते : तुम्हीच धाडले, आता तुम्हीच सांगा, अशा अर्थाचे. त्याला वर्ग हसला, आणि या वेळी हशा मालकाला होता.

तास संपताना धडगावकडील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, अहिराणी निदान चुकीची तरी ऐकू येते. आमची पावरी चुकीचीसुद्धा कुठे ऐकायला मिळेल?” तिला दाखविण्यासारखा एकही उतारा माझ्याजवळ नव्हता.