उकळणारं केंद्रक आणि आपला थर्मामीटर

पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं की गॅस कितीही मोठा करा, पारा 100 अंशांपाशी अडतो. 1995 साली जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या जीएसआय प्रयोगशाळेतून अलादीन गटाने अणुकेंद्रकांबद्दल असंच काहीसं सांगितलं. सोन्यावर सोनं आदळवलं. दर न्यूक्लिऑनमागे उत्तेजन-ऊर्जा 3 वरून 10 एमईव्हीपर्यंत चढली, तरी तापमान साधारण 5 एमईव्हीपाशीच, म्हणजे सुमारे 58 अब्ज केल्विनवर, थांबलं. केंद्रकद्रव्यही उकळतं तर! आलेख देखणा आहे, आम्हालाही आवडतो. पण आज आपण त्यामागच्या थर्मामीटरकडे बघू.

हे तापमान हेलियम आणि लिथियमच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून काढलं होतं. आता अडचण बघा. सांख्यिकीय मॉडेलमध्ये दोन टप्पे असतात. पहिल्यात तापलेलं केंद्रक फुगून विरळ होतं आणि एकदम अनेक तुकड्यांत फुटतं. दुसऱ्यात हे तुकडे, स्वतःही गरमच असल्यामुळे, न्यूट्रॉन, प्रोटॉन, अल्फा कण टाकत थंड होतात. डिटेक्टरपर्यंत पोचतात ते थंड झालेले तुकडे. म्हणून मोजलेलं तापमान सुमारे 20 टक्क्यांनी वाढवून घ्यावं लागलं. आणि किती वाढवायचं, हे मॉडेलांच्याच हिशोबावरून ठरलं.

आमचा आक्षेप इथे आहे. एकच गुणक सगळीकडे लावल्यामुळे आलेखाची सपाटी काही त्यातून आलेली नाही, हे मान्य. पण क्षयाचा परिणाम प्रत्येक ऊर्जेला सारखाच, हे त्यात गृहीत धरलं गेलं. शिवाय फुटतानाचं आकारमान मूळच्या किती पट, हेही मॉडेलमध्ये आपणच घालतो. पहिल्या टप्प्यातली चूक दुसरा टप्पा सहज झाकू शकतो. तेव्हा शेवटचे आकडे जुळले म्हणजे मॉडेल सिद्ध झालं, असं होत नाही.

मग मॉडेल टाकून द्यायचं का? मुळीच नाही. त्याची परीक्षा मधल्या टप्प्यावर घ्यायची. फ्रान्समधल्या इंद्रा डिटेक्टरवर झेनॉन आणि कथिलाच्या टकरींत हेच केलं गेलं. तुकडे आणि त्यांतून निघालेले हलके कण यांचा सहसंबंध तपासून मूळ तुकड्यांची उत्तेजन-ऊर्जा काढली: दर न्यूक्लिऑनमागे सुमारे 3 एमईव्ही. मॉडेलने आता या आकड्याला उत्तर द्यायचं.

हाच हिशोब आपण कोसळणाऱ्या ताऱ्यांच्या द्रव्यालाही लावतो. तिथे डिटेक्टर नेता येत नाही. म्हणून जी तपासणी करायची, ती इथेच करून घेतली पाहिजे.