बंदिशाळा कीं गृह? : बालनिरीक्षणगृहांच्या वास्तुनियमांचें परीक्षण

अल्पवयीन अपराध्यांस ठेवण्याच्या इमारती हा विषय इतिहाससंशोधकांच्या कक्षेबाहेरचा आहे, असें प्रथमदर्शनीं वाटण्याचा संभव आहे. परंतु इमारत हाही एक लेखच असतो. त्यांतील मूळ पाठ कोणता व प्रक्षिप्त कोणता हें ओळखण्याची दृष्टि ज्यांस आहे, त्यांनींच या प्रश्नाकडे पाठ फिरविणें बरें नव्हे. केंद्र सरकारनें २०१५ च्या बालन्याय अधिनियमास अनुसरून २०१६ सालीं जे आदर्श नियम केले, त्यांतील इमारतविषयक भाग येथें परीक्षणास घेतला आहे.

या नियमांतील सर्वांत मोलाचें वचन म्हणजे संस्था तुरुंगासारखी अथवा कोठडीसारखी दिसूं नये, हें होय. त्याबद्दल नियमकर्त्यांचें अभिनंदन केलेंच पाहिजे. पण हें लक्षण निषेधात्मक आहे. गाय म्हणजे घोडा नव्हे, असें सांगितल्यानें गाईचें लक्षण होत नाहीं, हें न्यायशास्त्राचा नवा विद्यार्थीही जाणतो. गृह कशासारखें दिसावें, याचें उत्तर शोधूं गेल्यास पुढें मुख्यतः आंकडे मिळतात : पन्नास मुलांस दोन शयनशाळा, प्रत्येक १,००० चौरस फूट, म्हणजे मुलामागें ४० चौरस फूट. आंकडे अनावश्यक नाहींत. ते नसते तर त्याच जागेंत शंभर मुलें कोंबलीं गेलीं असतीं. परंतु आठ फूट लांब व पांच फूट रुंद ही जागा तुरुंगांतही बसते आणि घरांतही बसते. दोहोंतील भेद मापांत नसून, दार कोणीकडे उघडतें, उजेड कोठून येतो, पहारेकरी कोठें उभा राहतो, यांत आहे.

आमच्या जुन्या ग्रंथांत या प्रश्नाचीं दोन परस्परविरुद्ध उत्तरें आढळतात. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत बंदिशाळा राजमार्गावर असाव्या असें सांगितलें आहे. हेतु हा कीं, दुःख भोगणारे अपराधी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या दृष्टीस पडावे. येथें वास्तु ही दहशतीचें साधन आहे. शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत मात्र बंधनागार स्त्रीपुरुषांस निरनिराळें असावें असें सांगून, त्या प्रकरणांतील इमारतींस विहीर, शौचकूप, स्नानगृह, अग्नि व विष यांपासून रक्षण, इतकेंच नव्हे तर देवपूजेची सोयही सांगितली आहे. त्याच अधिकरणांत पुढें राजाच्या जन्मनक्षत्रीं व पौर्णिमेस बाल, वृद्ध, रोगी व अनाथ यांस सोडावें असेंही विधान आहे. म्हणजे बंधनागारांत मुलें असत, आणि तीं तेथें असूं नयेत हेंही त्या शास्त्रकारास कळत होतें. दया शिकण्यासाठीं आम्हांस सर्वस्वीं परदेशाकडे पाहण्याचें कारण नाहीं; तथापि मनूचें उत्तरही आमचेंच आहे, हें विसरून चालणार नाहीं.

इमारत कायद्यास कशी पुरून उरते, याचें उदाहरण मुंबईंत आहे. उमरखाडीचा, म्हणजे डोंगरीचा तुरुंग १८०४ चा. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक व आगरकर यांनीं तेथें १०१ दिवस काढिले, आणि आगरकरांनीं त्यावर पुस्तक लिहिलें. तेव्हां दोघेही सव्वीस वर्षांचे होते. पुढें १९२४ चा मुंबईचा मुलांचा कायदा झाला, १९२७ सालीं चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि तीच वास्तु मुलांच्या उपयोगास आली. कायद्यानें मुलाला तुरुंगांतून बाहेर काढिलें, आणि व्यवहारानें तुरुंगच मुलाच्या वांट्यास दिला! संस्थेच्या सेवकांच्या कळकळीस यांत उणेपणा नाहीं. पण भिंती स्वतःची शिकवण देतच राहतात. आगरकरांसारखा विद्वान् आंत गेला म्हणून त्या भिंतींचा वृत्तांत आपणांस मिळाला. तेथें राहिलेल्या मुलांचें असें पुस्तक आपल्या संग्रहांत नाहीं; त्यांच्या पक्षाचा पुरावा म्हणून ती इमारतच वाचावी लागते.

यावर आक्षेप असा येईल कीं, सतरा वर्षांचा मुलगा कधीं कधीं भयंकर अपराध करितो; त्यास मोकळ्या अंगणांत ठेवून समाजाचें रक्षण कसें व्हावें? आक्षेप खरा आहे व त्यास उत्तर दिलेंच पाहिजे. बेंथॅमनें १७९१ सालीं एका मनोऱ्यावरून सर्व कोठड्या दिसाव्या अशी रचना सुचविली. तींत पहारा सोपा होतो, पण कोंडलेल्याला क्षणभरही एकांत नाहीं. आपल्या देशावरील वाड्यानें हाच प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला. बाहेरची भिंत बंद, दिंडीदरवाजा एक, पहारेकरी देवडींत. आणि आंत चौक, चौकावर आकाश, सभोंवतीं ओसरी. बंदोबस्त कडेला राहतो, जीवन मध्यभागीं. मोरोपंतांस आश्रय देणाऱ्या नाइकांच्या बारामतींत ही रचना समजावून सांगावयास नको. अर्थात् वाड्याचें आंधळें माजघर आणि पायरीपायरीवरचा उच्चनीच भेद हे दोष मात्र उचलूं नयेत. औंध संस्थानानें तर १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून, प्रौढ कैद्यांसही भिंतीवांचून ठेवतां येतें, हें दाखवून दिलें.

आतां स्थळाचा विचार. पुणें जिल्ह्यांतील निरीक्षणगृह येरवड्यास आहे. बारामतीहून तें सुमारें शंभर किलोमीटर, इंदापुराहून त्याहूनही दूर. ज्या आईची एका दिवसाची मजुरी भेटीस जाण्यांत बुडते, तिला हें अंतर भिंतीइतकेंच उंच आहे. शिवाय १८७१ पासून तेथें मध्यवर्ती कारागृह असल्यामुळें आपल्या बोलींत 'येरवडा' याचा अर्थच तुरुंग झाला आहे. नियम म्हणतो तुरुंगासारखें दिसूं नये. नांवच तुरुंगाचें झालें तर भिंतीस रंग देऊन काय उपयोग?

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास पंचवीस-तीस मुलांचें लहान गृह बांधावें, अशी आमची सूचना आहे. हस्तव्यवसाय शिकविणारे तेथें जवळ मिळतील व आईबाप संध्याकाळपर्यंत घरीं परततील. परंतु एक इशारा द्यावयास हवा. १८५७ सालीं डेव्हिड ससून यांच्या देणगीनें मुंबईंत जी औद्योगिक सुधारशाळा उभी राहिली, तेव्हांपासून श्रमानें सुधारणा हें तत्त्व आपल्याकडे रूढ आहे. तें चांगलें असलें तरी श्रम हेंच साध्य होण्यास वेळ लागत नाहीं. गृह कारखान्याच्या जवळ असणें हा लाभ. कारखान्यासारखें असणें हा नव्हे.

संग्राहकांस शेवटीं एक विनंति. आपल्या दप्तरांत वाड्यांचे जुने नकाशे, बांधकामाचे जमाखर्च, तुरुंगांचे आराखडे पडून असतील. ते या त्रैमासिकाकडे पाठवावे. आजपर्यंत आपण ते गतकालाचा पुरावा म्हणून जपले. ज्यांस अजून पुढचें सगळें आयुष्य काढावयाचें आहे, अशा मुलांसाठीं घर बांधतांना ते वास्तुकारांच्या हातीं पडले, तर त्या जपणुकीचें चीज होईल.