समुद्रप्रवासाचें वाङ्मय आणि बोट लागणें

समुद्रप्रवासाच्या वर्णनांत वादळें पुष्कळ असतात; ओकाऱ्या फारशा नसतात. पर्वतप्राय लाटा, फाटलेलीं शिडें, मोडलेल्या डोलकाठ्या यांविषयीं लिहितांना लेखकाची लेखणी आखडत नाहीं. परंतु त्याच लाटांनीं आपल्या पोटाची काय दशा केली, हें सांगण्याची वेळ आली कीं, तो एक तर मौन धरतो किंवा विनोद करून सुटतो. पूर्वीं कोकणच्या बोटीनें ज्यांनीं मुंबई-गोवा प्रवास केला, त्यांस ‘बोट लागणें’ म्हणजे काय तें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. दिसावयास क्षुल्लक अशी ही गोष्ट प्रवासवर्णनाच्या सच्चेपणाची कसोटी होऊं शकेल काय, हें दोन प्रसिद्ध ग्रंथांवरून पाहावयाचें आहे.

पहिला ग्रंथ चार्लस डार्विन याचा. ‘बीगल’ हें शिडाचें जहाज २७ डिसेंबर १८३१ रोजीं इंग्लंडहून निघालें, तें २ ऑक्टोबर १८३६ रोजीं परतलें. या प्रवासाच्या वृत्तान्ताची १८४५ सालची आवृत्ति उघडली, तर पहिले वीस दिवस चार-सहा वाक्यांत आटोपलेले दिसतात. प्रतिकूल वाऱ्यांमुळें जहाजास दोनदां मागें फिरावें लागलें, पटकीच्या भीतीमुळें तेनेरीफ बेटावर उतरूं दिलें नाहीं, हें सर्व त्यांत आहे. लेखकाच्या प्रकृतीविषयीं मात्र अक्षरहि नाहीं. त्याची मूळ रोजनिशी १९३३ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां ती उणीव भरून निघाली. बिस्किटें आणि मनुका यांखेरीज पोटांत कांहींच ठरत नव्हतें. मदीरा बेट जवळ आलें असतां तें पाहण्यास उठण्याचेंहि त्राण या निसर्गभक्ताच्या अंगीं उरलें नव्हतें.

या दुखण्याचें कारण मनाच्या दुबळेपणांत नाहीं. कानाच्या आंत तोल सांभाळणारें इंद्रिय असतें. तें जहाजाची प्रत्येक हालचाल मेंदूस कळवितें. खोलींत बसलेल्या माणसाचे डोळे मात्र भिंती स्थिर असल्याची ग्वाही देतात. या दोन साक्षींचा मेळ बसत नाहीं, आणि त्याचा दंड पोटास भरावा लागतो. म्हणूनच डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहिल्यानें बरें वाटतें, आणि सुकाणूं धरणाऱ्यास त्रास कमी होतो. डार्विनची खोली जहाजाच्या मागील टोकास होती. तेथें हेलकावे अधिक बसतात. टेबलावर वांकून सूक्ष्म वस्तू न्याहाळणें हें तर त्याचें रोजचेंच काम. मध्येंच आडवें व्हावें आणि पुन्हां उठून कामास लागावें, याहून निराळा उपाय त्याच्यापाशीं नव्हता.

मग ग्रंथांतील मौनास लपवाछपवी म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. शेवटच्या प्रकरणांत प्रवासाच्या सुखदुःखांचा जमाखर्च मांडतांना हें दुखणें त्यानें स्पष्टपणें खर्चाच्या बाजूस घातलें आहे. हा त्रास आठवड्याभरांत बरा होणारा नव्हे, असें तो स्वानुभवानें बजावतो. हें सांगणें न्यायाचें आहे. पण फार उशिरां आलेलें आहे. पहिल्या बेटावर पाऊल ठेवल्यावर त्याला झालेला आनंद वाचकास केवळ जिज्ञासेचा वाटतो. त्यामागील तीन आठवड्यांची यातना ठाऊक झाल्यावर तींच पानें निराळीं लागतात. सुमारें पांच वर्षांपैकीं तीन वर्षांहून अधिक काळ त्यानें जमिनीवर घालविला, याचाहि अर्थ मग अधिक उमगतो.

दुसरा ग्रंथ जोशुआ स्लोकम याचा, १९०० सालचा. हा मुरलेला कप्तान १८९५ ते १८९८ या काळांत सुमारें ३७ फुटी ‘स्प्रे’ नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. अझोर्स बेटें सोडल्यावर चीज आणि प्लम एकत्र खाल्ल्यानें त्याच्या पोटांत असह्य कळा उठल्या व वादळी रात्रीं तो खोलींत भ्रमिष्टासारखा पडला. कोलंबसच्या ‘पिंटा’ जहाजाचा वाटाड्या आपलें सुकाणूं धरून उभा आहे, असें त्यास दिसलें. सकाळीं पाहतो तों नौका आपली दिशा न सोडतां नव्वद मैल पुढें आलेली! हें दुखणें खाण्याचें, बोट लागण्याचें नव्हे; तथापि भर समुद्रांत देह साथ सोडतो तेव्हां काय होतें, याचें असें चित्र विरळा. मात्र गोष्ट इतकी रंगते कीं वेदना तिच्यांत विरघळून जाते. वाचक हसतो आणि पान उलटतो.

कथनकार म्हणून स्लोकम श्रेष्ठ; साक्षीदार म्हणून मी डार्विनच्या रोजनिशीस अधिक मान देईन. अशीं पुस्तकें आम्ही अध्यापक वर्गांत धैर्याचे नमुने म्हणून पुढें करतों, आणि धाडसी माणसाचें पोटहि पोलादी असतें असा समज नकळत मुलांच्या मनांत रुजवितों. एखाद्या मुलास होडींत मळमळलें कीं तो स्वतःस भित्रा ठरवून मोकळा होतो. हा दोष त्याचा नव्हे, आमच्या शिकवणीचा. डार्विनची मळमळ पांच वर्षांत गेली नाहीं. परतीच्या वाटेवर बहिणीस लिहितांनाहि त्यानें समुद्राविषयींचा तिटकाराच व्यक्त केला आहे. तरीहि वाटेंतील कोणत्याहि बंदरांतून तो घरीं परतला नाहीं. म्हणून त्याचा ग्रंथ वाचणारानें रोजनिशी शेजारीं ठेवावी. ग्रंथांत त्याला काय सांपडलें तें कळतें. त्यासाठीं त्याला काय सोसावें लागलें तें रोजनिशींत.